सुनेला बोल लावण्याआधी मुलाचे काम विचारा



लग्नाला तीन वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की आपल्या वस्तीत पहिला प्रश्न कोणाला विचारला जातो? सुनेला. दवाखान्यात आधी कोण जाते? सून. सोनोग्राफी तिची, रक्त तिचे, गोळ्या तिला, आणि हळदीकुंकवाला नाही तरी बारशाला बोलावताना शेजारणींची कुजबूजही तिच्याचबद्दल. असे दोन वर्षे चालले म्हणजे कोणीतरी हळूच दुसऱ्या लग्नाची गोष्ट काढते. या सगळ्या काळात ज्या माणसाचा या प्रश्नाशी निम्मा संबंध आहे, तो नवरा सकाळी डबा घेऊन कामावर जातो आणि संध्याकाळी परत येतो. तो कामावर काय हाताळतो, कोणती धूळ आणि कोणता धूर छातीत घेतो, हे त्याला कोणीही विचारत नाही.

आज आम्ही तेच विचारणार आहोत. विषय चारचौघांत बोलायला अवघड आहे, याची आम्हाला कल्पना आहे. पण लाजेपोटी गप्प बसण्याची परंपरा आपली नाही. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली न्यायालयात कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. बाबासाहेबांना ज्या विषयाची लाज वाटली नाही, त्याची आपण का वाटून घ्यावी?

मुद्दा असा आहे. शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू शरीरात गेले, तर ते पुरुषाच्या बीजावर आणि त्याच्या हॉर्मोन्सवर, म्हणजे संप्रेरकांवर, घाला घालतात. यातील सर्वांत जास्त अभ्यासलेला आणि आपल्या लोकांच्या सर्वांत जवळचा धातू म्हणजे शिसे.

शिसे कोठे भेटते? जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातल्या प्लेटा काढताना, त्या भट्टीत वितळवून लगडी ओतताना, बॅटरीच्या कारखान्यात प्लेटांना लगदा भरताना, रेडिएटरच्या झाळकामात, कॉम्प्युटर-मोबाइलच्या भंगारातील पाट्या तापवून झाळ उतरवताना, जुना तैलरंग घासून किंवा जाळून काढताना, आणि रंग चढलेला जुना पत्रा गॅसने कापताना. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त असू नये असा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. पण त्याआधीच्या रंगांचे थर जुन्या भिंतींवर, दारांवर आणि लोखंडावर अजून आहेत, आणि ते घासणारे हात आपलेच आहेत.

आणि हो, शेंदूर! पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचाच तांबडा ऑक्साइड. शेंदूर फासलेले दगड आपल्या वाडवडिलांनी १९५६ साली मागे टाकले. पण तोच शेंदूर ‘रेड लेड’ या नावाने लोखंडाला गंज चढू नये म्हणून रंगात वापरला गेला आणि रंगाऱ्याच्या नाकातोंडात गेला. देवळातून सुटलो, पण कामावर गाठलेच, असे म्हणायची वेळ यावी ना?

आता शरीरात काय होते ते पाहू. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, डॉक्टर नव्हे. तेव्हा जसे आम्हाला समजले तसे कारखान्याच्याच भाषेत सांगतो. मेंदूच्या तळाशी एक साहेब बसतो, त्याचे नाव हायपोथॅलॅमस. तो चिठ्ठी पाठवतो ती त्याच्या खाली असलेल्या मुकादमाला, म्हणजे पिट्युटरी ग्रंथीला. मुकादम रक्तावाटे दोन हुकूम सोडतो. एकाचे नाव एल.एच., दुसऱ्याचे एफ.एस.एच. हे हुकूम पोचतात अंडकोशातील वृषण ग्रंथींपर्यंत. एल.एच.च्या हुकमाने तेथे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन तयार होते, आणि एफ.एस.एच. व टेस्टोस्टेरॉन मिळून शुक्रजंतू तयार करण्याचे काम चालवतात. माल कमी पडला की मुकादम आवाज चढवतो, म्हणजे एल.एच. आणि एफ.एस.एच. रक्तात वाढतात. माल पुरेसा झाला की तो गप्प बसतो. निरोगी पुरुषात हा हिशेब रोज जुळत असतो.

शिसे या हिशेबात दोन ठिकाणी घोळ घालते. एक तर ते थेट वृषणात जाऊन शुक्रजंतू बनवण्याच्या कामात बिघाड करते. दुसरे म्हणजे साहेब-मुकादमाच्या निरोपानिरोपीत अडथळा आणते. त्यामुळे शिशाच्या कामावरील काही कामगारांत टेस्टोस्टेरॉन कमी आढळले आहे. काहींत ते जेमतेम टिकलेले दिसते, पण त्यासाठी एल.एच. वाढलेले असते, म्हणजे मुकादम ओरडतो आहे म्हणून काम कसेबसे चालले आहे. आणि मुकादमाचाच घसा बसला, तर माल कमी असूनही हुकूम वाढत नाहीत. हॉर्मोनच्या बाबतीत सगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणूनच एकच टेस्टोस्टेरॉनची चिठ्ठी ‘नॉर्मल’ आली, की सगळे ठीक आहे असे मानून चालत नाही.

शुक्रजंतूंबाबत मात्र पुरावा अधिक ठाम आहे. रुमानियात शिशाच्या कामावरील १५० कामगारांची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९७५ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या शरीरात शिसे जास्त, त्यांच्या वीर्यात शुक्रजंतू कमी, त्यांची हालचाल मंद आणि विकृत आकाराच्या जंतूंचे प्रमाण अधिक, असे दिसून आले. पुढे इतर देशांतील अभ्यास एकत्र करून पाहता असे दिसले, की १०० मिलिलिटर रक्तात ४० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे दीर्घकाळ राहिले, तर पुरुषाची प्रजननशक्ती घटण्याचा धोका स्पष्ट आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतक्या थोड्याने हे होते. आणि त्याखालची पातळी निर्धोक आहे असेही कोणी समजू नये. शिशाची पूर्ण सुरक्षित अशी पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. तिच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार रक्तात ५ मायक्रोग्रॅम शिसे आढळले, तरी ते कोठून आले याचा शोध घेतला पाहिजे.

इतर धातूंचेही थोडक्यात सांगतो. कॅडमियम मुलामा देण्याच्या कामात, निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांत आणि चांदीच्या काही झाळांत असते. प्राण्यांवरील प्रयोगांत ते वृषणाला फार घातक ठरले आहे. तंबाखूचे रोप जमिनीतले कॅडमियम पानांत ओढून घेते, म्हणून विडी-सिगारेटच्या प्रत्येक झुरक्यात त्याचा अंश असतो. मँगनीजच्या धुळीत काम करणाऱ्या पुरुषांना अपेक्षेपेक्षा कमी मुले झाली, असे बेल्जियममधील १९८५ च्या एका अभ्यासात आढळले. नागपूर-भंडारा भागात मँगनीजच्या खाणी आहेत आणि वेल्डिंगच्या धुरातही मँगनीज असते, हे ध्यानात घेतले म्हणजे बेल्जियम फार दूर राहत नाही.

आता काही माता-भगिनी म्हणतील, “भाऊ, आमचा पोरगा चांगला धडधाकट आहे. पोतं उचलतो. त्याच्यात काय खोट असणार?” मावशी, पोते उचलण्याची ताकद वेगळी आणि वीर्यातील जंतूंची संख्या वेगळी. संसारसुखात काडीचीही कमतरता नसलेल्या पुरुषाच्या वीर्यात जंतू अपुरे असू शकतात. हे डोळ्यांना दिसत नाही, ते सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. तेव्हा तपासणीला पाठवल्याने मुलाच्या मर्दपणाला बट्टा लागत नाही. उलट बायकोला एकटीला रांगेत उभी करून स्वतः बाहेर विडी ओढत थांबणे, यात कसला मर्दपणा?

शिसे पुरुषालाही बाधते, हे मालकवर्गाला ठाऊक नव्हते असे नाही. अमेरिकेतील जॉन्सन कंट्रोल्स ही बॅटऱ्या बनवणारी कंपनी. तिने १९८२ साली फतवा काढला, की ज्या स्त्रिया मूल होण्यास असमर्थ असल्याचा डॉक्टरी दाखला देणार नाहीत, त्यांना शिशाच्या कामावर घेतले जाणार नाही. कारण दिले, पोटातल्या बाळाची काळजी. नोकरी टिकावी म्हणून एका कामगार स्त्रीने चक्क नसबंदी करून घेतली. त्याच कंपनीतील एका पुरुष कामगाराने मात्र अर्ज केला, की मला बाप व्हायचे आहे, रक्तातले शिसे उतरावे म्हणून मला काही काळ रजा द्या. तो अर्ज नामंजूर झाला! कामगार संघटना न्यायालयात गेली. २० मार्च १९९१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा नियम बेकायदा ठरवला आणि पुरुषांच्या प्रजननशक्तीवरील शिशाच्या दुष्परिणामांचा पुरावा समोर असताना कंपनीने फक्त स्त्रियांवर बंधन घातले, यावर बोट ठेवले.

या खटल्यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. बाईला कामावरून हटवले म्हणजे शिसे हटत नाही. हटवायचे ते हवेतले शिसे. अमेरिकेच्या सरकारने १९७८ सालीच आपल्या शिसेविषयक नियमांत लिहून ठेवले होते, की ज्यांना मूल हवे आहे अशा स्त्री-पुरुष दोघांच्याही रक्तातील शिसे ३० मायक्रोग्रॅमच्या खाली असावे. ‘दोघांच्याही’ हा शब्द आपल्या सासवा-सासऱ्यांनी दोनदा वाचावा.

दुसरी हकिकत धातूची नाही, एका कीटकनाशकाची आहे, पण आपल्या कामाची आहे. कॅलिफोर्नियात लॅथ्रॉप येथील कारखान्यात डी.बी.सी.पी. नावाचे औषध बनत असे. तेथील कामगारांच्या आपापसातल्या बोलण्यातून निघाले, की या खात्यात लागल्यापासून कोणालाच मूल झालेले नाही. त्यांनी तपासणीचा आग्रह धरला. १९७७ साली तपासणी झाली आणि अनेकांच्या वीर्यात जंतू नगण्य किंवा शून्य निघाले. हा शोध कोणा साहेबाने लावला नाही, आपापसात मनमोकळे बोलणाऱ्या कामगारांनी लावला. आपल्याकडे मात्र दहा जण एकाच भट्टीवर असतात आणि दहाही जण आपले दुःख एकटेच गिळत असतात.

मग यावर उपाय काय? आधी दिलासा देतो. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणजे शिशाचा संपर्क तुटला, की काही महिन्यांत सुधारणा दिसू लागण्याची शक्यता असते. पण एक धोकाही आहे. रक्तातले शिसे महिन्याभरात निम्म्यावर येऊ लागते, तरी वर्षानुवर्षे काम केलेल्याच्या हाडांत ते दहा-वीस वर्षे मुरून राहते आणि हळूहळू रक्तात परत येत राहते. हे खाते लवकर बंद होत नाही. म्हणून सुरुवात लवकर करावी.

घरातून सुरुवात अशी करावी. कामावरचे कपडे आणि चपला कामावरच बदलाव्यात. ते शक्य नसेल तर दाराबाहेर बदलून वेगळ्या बादलीत भिजवावेत, लेकरांच्या कपड्यांत मिसळू नयेत. घरी येताच आंघोळ करावी, मगच बाळाला उचलावे. शिशाची धूळ बापाच्या कपड्यांवरून लेकरापर्यंत पोचते आणि लेकराच्या मेंदूला ती बापापेक्षा अधिक बाधते. ते कपडे धुणारी बाईही ती धूळ घेते. कामावर हात-तोंड साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये, विडी-तंबाखू तर नाहीच. उपाशीपोटी शिसे जास्त शोषले जाते, म्हणून न्याहारी करून निघावे. काही ठिकाणी मालक गूळ, केळी किंवा दूध देतो. ते खावे, पण त्याने शिसे धुऊन निघते या भ्रमात राहू नये. गुळाची ढेप देऊन धूर ओढणाऱ्या पंख्याचा खर्च वाचवणे, हा मालकाचा जुना जमाखर्च आहे.

तपासणी दोघांचीही करावी. जननक्षम वयातल्या जोडप्याला वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, तर नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच फेरीत व्हावी. ती सोपी आहे, सुई टोचावी लागत नाही. दोन ते सात दिवसांचे अंतर ठेवून नमुना द्यावा लागतो. डॉक्टरांना आपले काम आपणहून सांगावे, “साहेब, मी बॅटरीच्या भट्टीवर आहे,” आणि रक्तातील शिशाची तपासणी मागावी. पोटात कळा, बद्धकोष्ठ, सतत थकवा, डोकेदुखी, मनगटात शक्ती न राहणे, हिरड्यांवर निळसर रेघ, यांपैकी काही असेल तर मुळीच थांबू नये. प्रत्येक वेळी दोष शिशाचाच निघेल असे नाही. नसांची गाठ, जुना संसर्ग, दारू-तंबाखू अशीही कारणे असतात आणि स्त्रीकडील कारणेही असतात. पण कारण शोधावे लागते. कारणाशिवाय काही घडत नाही, हेच तर तथागतांनी शिकवले. नवस, अंगारा आणि नशीब यांत ते सापडत नाही.

आणखी एक खबरदारी. रस्त्याकडेच्या तंबूतील ‘गुप्तरोग’वाल्यांकडे कृपा करून जाऊ नका. ताकदीच्या नावाखाली दिल्या जाणाऱ्या काही भस्मांत शिसे आणि पाराच असतो. नागभस्म म्हणजे शिशाचेच भस्म. अमेरिकेत बोस्टन भागात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली, त्यांतील १४ औषधांत शिसे, पारा किंवा अर्सेनिक निघाले. शिशाने गेलेले बीज शिसे खाऊन कसे परत येईल?

शेवटी हक्काचे. शिशाची विषबाधा हा कायद्याने नोंदवण्याजोगा आजार आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात तो होता, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेच्या यादीतही तो आहे. असा रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरने सरकारी अधिकाऱ्याला कळवायचे असते. आपल्या कामातील धोक्याची माहिती मालकाकडे मागण्याचा हक्क कामगाराला आहे. आम्ही उमर कारकुनीत घालवली, म्हणून अनुभवाने सांगतो: तोंडी मागणी वाऱ्यावर जाते, लेखी अर्ज फाइलीत राहतो. अर्ज दोन प्रतींत करावा, पोच घ्यावी. एकट्याने करू नये, दहा जणांनी सह्या कराव्यात. दाद लागली नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करावी. ई.एस.आय.चे कार्ड असेल तर तेथील डॉक्टरांकडून केसपेपरवर आपल्या कामाचा उल्लेख करून घ्यावा. नुकसानभरपाईची वेळ आली, तर तोच कागद बोलतो. ज्यांचे नाव हजेरीपटावरही नाही, अशा छोट्या भट्ट्यांवरील भावांची अडचण याहून मोठी आहे, हे आम्ही जाणतो. त्यांच्यासाठी वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी आणि संघटनांनीच पुढे झाले पाहिजे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगाराचे आरोग्य हा मालकाच्या मेहेरबानीचा नव्हे तर कायद्याचा विषय आहे, ही दृष्टी त्यांनी दिली. आणि भगवंतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत विषाचा व्यापार एक आहे. आपला कामगार विष विकत नाही. पोटासाठी तो ते छातीत घेतो. दोष त्याचा नाही, त्याच्या बायकोचा तर नाहीच नाही.

तेव्हा एवढे करा. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर पुरुषमंडळींनी पंधरा मिनिटे थांबावे आणि कोण कोठे काम करतो, काय हाताळतो, याची एका वहीत नोंद करावी. ती वही घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांना भेटावे. आणि ज्या घरात सुनेला बोल लावले जात असतील, त्या घरातील सासूबाईंनी हा लेख मुलाला वाचून दाखवावा, आणि दवाखान्याच्या पुढच्या फेरीला त्याला सुनेच्या बरोबर पाठवावे.

जयभीम. नमो बुद्धाय.